बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी: रेकॉर्ड कशा कराव्यात, टिकवाव्यात कशा आणि गावाला परत द्याव्यात कशा

१९७२च्या दुष्काळात पंधरा वर्षांची असलेली आणि आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली मुलगी आज सत्तरीला टेकली आहे. त्या वेळी घर चालवणारी, मस्टरवर, म्हणजे कामाच्या हजेरीपत्रकावर, नाव असलेली पिढी आता मोजकीच उरली. त्यांच्याकडून ऐकून ठेवायला मोठी संस्था लागत नाही. एक फोन, हजाराच्या आसपासचा माईक आणि थोडी शिस्त असली की गावातलं कोणतंही तरुण मंडळ किंवा कॉलेजचा गट हे करू शकतो.

असं काम बहुतेक वेळा मुलाखतीत फसत नाही, मुलाखतीनंतर फसतं. फाइल 'नवीन रेकॉर्डिंग ४७' अशा नावानं फोनात पडून राहते, फोन बदलतो आणि म्हातारीचा आवाज जुन्या फोनबरोबर भंगारात जातो. म्हणून एक कसोटी आधीच ठरवून घ्या. तुम्हाला न ओळखणारा, तुमचं गावही न पाहिलेला कुणी तीस वर्षांनी ही फाइल उघडेल. कोण बोलतंय, कुठं बसून बोलतंय, कशाबद्दल बोलतंय आणि हे ऐकवायला त्यांची परवानगी होती का, एवढं त्याला कुणालाही न विचारता कळलं पाहिजे. खालची सगळी खटपट त्या माणसासाठी आहे.

कोणाकडे जायचं

दहा-बारा नावांची यादी करा, जास्त नको. गावात विचारलं की पहिली नावं ठरलेलीच येतात: माजी सरपंच, निवृत्त गुरुजी, पाटलांच्या वाड्यातले आजोबा. त्यांच्याकडे जरूर जा, पण यादी तिथंच संपली तर दुष्काळ ओट्यावरून पाहिलेला मिळेल. म्हणून यादी वस्तीवार लिहा. गावठाण, बौद्धवाडा, मांगवाडा, तांडा, मळ्यातली घरं, प्रत्येक ठिकाणचं एक तरी माणूस हवं. विहिरी आटल्या तेव्हा कोण कुठल्या विहिरीवर पाणी भरू शकत होतं, या प्रश्नाची उत्तरं वस्तीगणिक वेगळी येतात आणि ती शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय गावाचं चित्र पुरं होत नाही. खडी फोडणारे, मस्टर लिहिणारे, मुकादम, जनावरं विकलेले, त्या वर्षी मुंबई-पुण्याची वाट धरून तिथंच राहिलेले, हेही यादीत घ्या. निम्म्या बायका असू द्या. पुरुष बहुधा तलाव कुठला आणि साहेब कोण ते सांगतात. चूल कशी पेटली ते बायकांना विचारावं लागतं.

वय आधार कार्डावरून लावू नका. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सरसकट १ जून ही जन्मतारीख लिहिलेली माणसं गावोगाव आहेत आणि वर्षही अंदाजानं टाकलेलं असतं. त्यापेक्षा विचारा: बहात्तरला लग्न झालं होतं का, कडेवर मूल होतं का, कामावर हजेरी लागत होती की आईमागं नुसतं जात होता? त्यावरून वय नीट कळतं, आणि पुढं कोणते प्रश्न विचारण्यात अर्थ आहे तेही.

पहिली भेट रेकॉर्डरशिवाय

पहिल्या वेळी नुसतं भेटायला जा. काय करतोय, कशासाठी करतोय, कुणाला ऐकवणार आहोत ते सांगा. हाक कशी मारायची तेही याच भेटीत ठरतं. आजी, काकू, अण्णा, बाबा, घरातले जे म्हणत असतील ते धरा आणि 'तुम्ही' सोडू नका. मुलाखत स्वतःच्याच आजीची असेल तर मात्र 'तू'च ठेवा. रेकॉर्डर बघून एकदम 'आपण सांगावं' म्हणायला लागलात तर आजी हसेल किंवा गप्प बसेल.

वेळ त्यांच्या सोयीची घ्या. सकाळी नऊ ते अकरा किंवा चार वाजता झोप झाल्यावर. सुगीत आणि वारीच्या दिवसांत नाद करू नका. मुलाखतीमुळे कुणाचा रोज बुडणार असेल तर तो भरून द्या आणि तशी नोंद ठेवा. उत्तरांचे पैसे मात्र देऊ नका. एका घरी दिले की दुसऱ्या दिवशी गावात आठवणींचा भाव ठरतो.

घरी येऊन थोडा अभ्यास करा. लोकांना सन आठवत नाहीत, घटना आठवतात, म्हणून एका कागदावर खुंट्या लिहून ठेवा: कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७, बांगलादेशचं युद्ध डिसेंबर १९७१, आणीबाणी जून १९७५. 'लढाईच्या आधी की मागून?' एवढ्या एका प्रश्नानं गुंता सुटतो. शब्दांकडेही लक्ष असू द्या. त्या वेळच्या कामांना कुणी 'दुष्काळी कामं' म्हणतं, कुणी 'रोजगार हमी'. रोजगार हमीचा कायदा १९७७चा आणि तो अमलात आला १९७९मध्ये. पुढचा शब्द मागच्या आठवणीला चिकटलेला असू शकतो. बोलणाऱ्याला तिथल्या तिथं दुरुस्त करू नका, वहीत टिपून ठेवा. आठवण कशी बदलत गेली हीसुद्धा माहितीच आहे.

परवानगीचा कागद

एक पान, मराठीत, मोठ्या अक्षरात. ते मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि चार गोष्टी वेगवेगळ्या विचारायच्या: रेकॉर्ड करून ठेवू का, खरं नाव लावू का, गावात आणि ग्रंथालयात ऐकवू का, इंटरनेटवर टाकू का. प्रत्येकासमोर हो किंवा नाही. 'सगळ्याला हो' असा एकच चौकोन ठेवू नका, कारण पुष्कळांना गावात ऐकवलेलं चालतं पण नेटवर नको असतं. 'मी गेल्यावर ऐकवा' किंवा 'दहा वर्षांनी ऐकवा' यासाठी एक ओळ कोरी सोडा. सही येत नसेल तर अंगठा, शेजारी साक्षीदाराचं नाव. खाली तुमचा पत्ता आणि फोन, म्हणजे उद्या मन बदललं तर सांगायला कुणी तरी असेल.

सही शक्यतो मुलाखत झाल्यावर घ्या. आपण काय काय बोलून गेलो हे माणसाला तेव्हाच कळलेलं असतं. सुरुवातीला तोंडी हो पुरे, पण ते रेकॉर्डिंगमध्ये आलं पाहिजे.

कायद्याचं थोडक्यात. कॉपीराइट कायदा १९५७चा. ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणून त्यात ते मुद्रण करवणारा, म्हणजे निर्माता, धरला जातो. पण आजीनं ओवी गायली तर गाणारी म्हणून तिचाही हक्क लागतो आणि तो सादरीकरणानंतरच्या वर्षापासून पन्नास वर्षं राहतो. तेव्हा गाण्यासाठीची परवानगी कागदावर वेगळी लिहून घ्या.

माईक, फोन आणि पदर

फोनचा स्वतःचा माईक दोन हातांवरून माणसाबरोबर अख्खं घर रेकॉर्ड करतो. एकाच गोष्टीवर पैसे घालायचे असतील तर तारेच्या कॉलर माईकवर घाला. स्वस्तातल्या बऱ्याच कॉलर माईकच्या तारेत एक छोटी डबी असते. तिच्यात एलआर४४ नावाचा बटणसेल बसतो आणि वर एक खटका असतो, एका बाजूला फोन, दुसऱ्या बाजूला कॅमेरा. खटका चुकीच्या बाजूला राहिला की आवाज येतच नाही किंवा विहिरीतून आल्यासारखा येतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे फोनच्या जाड कव्हरमुळे पिन पुरती आत न बसणं. मग फोन मुकाट्यानं स्वतःच्याच माईकवर रेकॉर्ड करत राहतो आणि घरी जाईपर्यंत पत्ता लागत नाही. म्हणून सुरू करताना कॉलर माईकवर नखानं हलकेच खरवडा. हेडफोनमध्ये किंवा वाजवून बघताना खरखर मोठी आली तर माईक चालू आहे. फोनच्या अंगावर खरवडल्यावर मोठी आली तर पिन काढून पुन्हा बसवा.

माईक हनुवटीच्या खाली साधारण एक वीत. सदऱ्याला किंवा कोपरीला लावणं सोपं आहे. लुगड्यावर मात्र जपून. पदराला लावला तर दर दोन मिनिटांनी आजी पदर सारखा करते आणि रेकॉर्डिंगमध्ये वादळ येतं. पदराखाली लावला तर आवाज घुसमटतो. डोरलं आणि माळ माईकवर आपटतात. त्यातल्या त्यात चांगली जागा म्हणजे चोळीच्या गळ्याची कड, डोरल्याच्या एका बाजूला. तिथं क्लिप त्यांना स्वतःला किंवा घरातल्या सुनेला लावू द्या, तुम्ही लावू नका. तारेचा एक छोटा वेढा करून तो क्लिपेत धरला की तार ओढली गेली तरी माईकपर्यंत धक्का पोचत नाही. काकणं भरपूर असतील तर हात मांडीवर टेकले जातील अशी बैठक करा. काकणं काढायला सांगू नका.

फोन विमान मोडवर. फोन आला तर काही अ‍ॅप रेकॉर्डिंग गुपचूप थांबवतात. वेव्ह फाइल (आवाज न दाबता पुरा ठेवणारी) देणारं रेकॉर्डिंग अ‍ॅप घ्या आणि सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो ठेवा. २४ बिट मिळत नसेल तर १६ चालेल. या मापानं तासाला सुमारे ५२० एमबी जागा लागते. बारा माणसं, प्रत्येकी दीड तास, म्हणजे अठरा तास आणि साडेनऊ जीबीच्या आत. एवढी जागा आज कुणाच्याही खिशात असते, तेव्हा जागा वाचवायला एमपीथ्री करण्यात अर्थ नाही. एमपीथ्री दाबताना गेलेला आवाज परत मिळत नाही. वेव्हवरून एमपीथ्री मात्र कधीही होते.

अ‍ॅपमध्ये आवाज आपोआप कमी-जास्त करण्याची सोय असेल तर ती बंद करा. ती चालू राहिली की माणूस विचार करायला थांबला रे थांबला, फोन आवाज वाढवतो आणि शांततेत पंख्याची घूं वर येते. पातळीचा काटा नेहमीच्या बोलण्याला उणे १२ डेसिबलच्या आसपास आणि हसताना उणे ६च्या आत ठेवा. शून्याला टेकला की आवाज फाटतो. फाटलेला आवाज कुठल्याही सॉफ्टवेअरनं नीट शिवता येत नाही. हळू आलेला वाढवता येतो, म्हणून शंका आली तर पातळी कमीच ठेवा.

व्हिडिओ हवा का? हात फार बोलत असतील, जातं किंवा हातोडी कशी धरायची ते दाखवायचं असेल, तर हवा. पण तेव्हाही आवाज वेगळ्या यंत्रावर घ्या आणि सुरू करताना एक टाळी वाजवा, दोन्ही फाइली पुढं त्या टाळीवर जुळवता येतात. कॅमेरा पाहून माणूस आखडत असेल तर सरळ पिशवीत ठेवा.

कुठं बसायचं

पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो आणि दुपारी पत्रा तडतडतो. गोधड्या, धान्याची पोती, कपड्यांची दांडी असलेली छोटी खोली सगळ्यात चांगली. गोधडी म्हणजे गावातला फुकटचा स्टुडिओ आहे. एक मागच्या भिंतीवर टांगा, एक खाली अंथरा. पंखा बंद, फ्रिज बंद. बंद केलेल्या फ्रिजवर स्वतःची मोटरसायकलची किल्ली ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायला विसरणार नाही. पिठाची गिरणी कधी सुरू होते, देवळाचा भोंगा कधी लागतो ते आदल्या दिवशी विचारा. ओट्यावर बसायचं असेल तर माईकवर स्पंजचं टोपरं हवंच. नाही तर साधी झुळूकसुद्धा फडफड आणते.

चहा आधी होऊ द्या. कपबशी वाजण्याचा भाग सोडा, चहा आला की यजमानीणपण सुरू होतं आणि सांगण्याची लय तुटते. घरातले चार जण भोवती बसतील आणि मुलगा दर वाक्याला 'अगं बहात्तर नाही, त्र्याहत्तर' म्हणेल. त्याला बाहेर घालवू नका. 'तुमचंही नंतर वेगळं घेऊ' म्हणा आणि खरंच घ्या.

प्रश्न

रेकॉर्ड दाबल्यावर पहिलं बोलायचं तुम्ही: आज तारीख अमुक, गाव, तालुका, जिल्हा, बोलणार कोण, विचारणार कोण, विषय कोणता. त्यानंतर तीस सेकंद सगळे गप्प. या रिकाम्या खोलीच्या आवाजावरून पुढं ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरला पार्श्वभूमीची घरघर ओळखता येते. मग त्यांनी स्वतःचं नाव, माहेर-सासर, घरात कोण कोण होतं हे सांगावं. सोपं असतं, आवाज मोकळा होतो.

'दुष्काळात फार हाल झाले असतील ना?' हा प्रश्न विचारू नका. उत्तर 'हो, लई हाल झाले' असं येतं आणि दार बंद होतं. हाल विचारण्याऐवजी वस्तू विचारा, कृती विचारा. त्या वर्षी सकाळी उठल्यावर पहिलं पाणी कुठून यायचं? कामावर निघताना बरोबर काय काय घ्यायचं? तान्हं मूल कुठं ठेवायचं, त्याच्याजवळ कोण थांबायचं? खडी कोण मोजायचं, ब्रास भरला की नाही ते कोण ठरवायचं? (ब्रास म्हणजे शंभर घनफूट. हे तुम्हाला आधी माहीत हवं, नाही तर मापातली फसवणूक सांगितली तरी तुमच्या लक्षात येणार नाही.) पगार किती दिवसांनी, कुणाच्या हातात? अमेरिकेची तांबडी मिलो (एक जातीची ज्वारी) आली होती, तिची भाकरी कशी व्हायची? सुकडी (दुष्काळी कामावर मिळायचं ते पूरक खाणं) घरी आणायचात की तिथंच खायचात? बैल विकले तेव्हा कासरा कुणी सोडला?

एका वेळी एकच प्रश्न, आणि तोही छोटा. उत्तर संपल्यासारखं वाटलं की मनात पाच आकडे मोजा. बरीच मोलाची वाक्यं त्या पाच आकड्यांनंतर येतात. हुंकाराचं काय? इंग्रजी पुस्तकं सांगतात, तोंडातून चकार शब्द काढू नका. पण आपल्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो. अगदी दगडासारखं बसलात तर आजी विचारते, 'ऐकतोयस ना रं?' तेव्हा बोलणं चालू असताना मान आणि डोळे वापरा आणि वाक्य संपल्यावर, जागा मोकळी असताना, एक बारीक 'हं' द्या. शब्दांवर पडलेला 'हं' नंतर काढता येत नाही.

जात्यावरच्या ओव्या येतात का ते जरूर विचारा. दुष्काळावर थेट बोलायला नाखूष असलेली बाई ओवीत बोलून जाते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांच्या पुढाकारानं महाराष्ट्रातल्या गावांतून लाखाहून जास्त ओव्या जमल्या. त्या संग्रहाचा मोठा आधार म्हणजे ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे.

माणूस रडू लागला तर घाईनं विषय बदलू नका आणि खोदूही नका. पाणी द्या, 'थांबू या का?' विचारा आणि जे सांगतील ते करा. मेलेल्या लेकराच्या आठवणीवर मुलाखत संपवून गाडीला किक मारायची नाही. शेवटची दहा मिनिटं आजच्या गोष्टींवर, नातवंडांवर, यंदाच्या पावसावर आणा. एक ते दीड तासात थांबा, उरलेलं दुसऱ्या दिवशी. आणि 'झालं आता' म्हटल्यावर लगेच बंद करू नका. 'अजून एक मिनिट चालू ठेवतो' असं सांगून ठेवा. पाय मोकळे करताना जे बोललं जातं ते पुष्कळदा तासाभरात आलेलं नसतं. लपवून चालू ठेवणं मात्र नाही.

त्याच रात्री

घरी पोचल्यावर झोपण्याआधी तासभर काम आहे. फाइल लॅपटॉपवर घ्या, दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर करा. दोन्ही प्रती सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वाजवून बघा, मगच फोनातली काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची वेळ आली तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, ऑडिओ म्हणून पाठवून आवाज दाबला जाण्याचा धोका घेऊ नका.

फाइलीचं नाव तारखेपासून सुरू करा: वर्ष, महिना, दिवस, मग गावाचा छोटा संक्षेप, व्यक्तीचा क्रमांक, भाग. म्हणजे '२०२६-०२-१४_गाव_०७_१' अशा घाटाचं. तारीख आधी असली की फाइली आपोआप क्रमानं लागतात. नावं रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांत टाइप करा, मोकळी जागा सोडू नका. देवनागरी नावं काही जुन्या यंत्रांवर आणि सर्व्हरवर चौकोन होऊन बसतात. व्यक्तीचं नाव फाइलीत घालू नका. क्रमांक आणि नाव यांची जोडणी एका वेगळ्या तक्त्यात ठेवा, कारण उद्या कुणी 'माझं नाव नको' म्हणालं तर एक ओळ बदलून काम भागलं पाहिजे.

त्या तक्त्यात प्रत्येक मुलाखतीला एक ओळ: क्रमांक, नाव, अंदाजे जन्मवर्ष आणि ते कशावरून काढलं, वस्ती, तारीख, जागा, विचारणारा, लांबी, यंत्र, परवानगीतली चारही उत्तरं. शेजारी अर्ध्या पानाची टिपणं: खोलीत आणखी कोण होतं, कुठं आवाज दबला, बोट दाखवून 'तिकडं' म्हणाले ते कुठं, 'ह्यांनी' म्हणजे कुणी. हे 'तिकडं' आणि 'ह्यांनी' दुसऱ्या दिवशीच पुसट होतात.

लिहून काढणं

तासाभराच्या बोलण्याला सहा ते आठ तास धरा. सगळं लिहिणं झेपत नसेल तर निदान दर पाच मिनिटांना दोन ओळींची सूची करा. अर्धवट सोडलेल्या उताऱ्यापेक्षा पुरी सूची जास्त उपयोगाची.

यंत्राकडून मराठी लिहून घेता येतं आणि पहिला खर्डा म्हणून ते चालतं. पण यंत्र बोली गिळतं. नमुन्यादाखल एक वाक्य घ्या:

'[००:१४:३२] तवा काय, डोक्यावं चुंबळ आन् हातात हातुडी. तांबडं फुटायच्या आत निघायचं. [हसतात] चपला कुठल्या आल्यात?'

यंत्र किंवा घाईतला सुशिक्षित मुलगा हेच असं लिहितो: 'तेव्हा डोक्यावर चुंबळ आणि हातात हातोडी असायची. पहाटे निघायचो. चपला नव्हत्या.' माहिती बहुतेक तीच राहिली, पण 'तांबडं फुटायच्या आत' गेलं, हसणं गेलं आणि चपलांच्या प्रश्नातला टोमणा गेला. म्हणून शब्द बोलले तसे लिहा: तवा, न्हाई, व्हतं, आन्. पण प्रत्येक उच्चाराची कसरत करू नका. वाचणाऱ्याला अडखळायला लागलं की माणूस गावंढळ वाटू लागतो, आणि ते बोलीवर अन्याय करणारं आहे. पहिल्या दोन मुलाखतींनंतर एक पानाचा नियम ठरवा आणि सगळ्यांनी तोच पाळा. न कळलेल्या जागी [अस्पष्ट] लिहून वेळ घाला, अंदाज लिहू नका. लिहिलेलं बोलणाऱ्याला वाचून दाखवा. नावं आणि शिवारांची नावं तिथंच दुरुस्त होतात.

टाइप युनिकोडमध्येच करा. डीटीपीवाल्याकडच्या जुन्या फाँटमध्ये केलेला मजकूर तो फाँट नसलेल्या यंत्रावर निरर्थक चिन्हं होऊन येतो, आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं किती तरी मराठी त्यातच अडकून पडलं आहे. वर्ड फाइलीबरोबर एक साधी टेक्स्ट फाइलही ठेवा.

घरात जुन्या कॅसेट सापडल्या तर

वाजवण्याआधी कॅसेटच्या वरच्या कडेची दोन छोट्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्ड दाबलं तरी पुसली जाणार नाही. फीत खिडकीतून बघा. पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे, कोकणात तर हमखास. ती कॅसेट वाजवू नका. बुरशी टेपरेकॉर्डरच्या हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटीवर जाते. ती वेगळ्या पिशवीत घालून जाणकाराकडे द्या. चांगली कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं फिरवा, फीत सैल होते. मग टेपरेकॉर्डरच्या लाइन-आउटमधून तार थेट लॅपटॉपला जोडलेल्या ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे आवाज लॅपटॉपात घेणाऱ्या डबीत. स्पीकरसमोर फोन धरून घेतलेली नक्कल हा शेवटचा उपाय. साठ मिनिटांच्या कॅसेटीला साठ मिनिटंच लागतात, त्यात घाई नाही. काम झाल्यावर कॅसेट फेकू नका.

टिकवणं

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. उदाहरणार्थ एक प्रत लॅपटॉपच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर, एक तालुक्याच्या कॉलेजच्या ग्रंथालयात दिलेल्या डिस्कवर. पेनड्राइव्ह ही प्रत धरू नका, ती फक्त नेण्या-आणण्याची पिशवी. क्लाउडचं खातं एका पोराच्या खासगी ईमेलवर असेल तर तो नोकरीला गेला की संग्रह कुलपात गेलाच समजा. खातं मंडळाच्या नावानं काढा, पासवर्ड दोघांकडे.

मूळ वेव्ह फाइलीला हात लावायचा नाही. घरघर कमी करणं, कापणं, आवाज वाढवणं, जे काही असेल ते प्रतीवर. घरघर काढतानाही हात आखडता ठेवा, जास्त केलं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. प्रत्येक मूळ फाइलीचा चेकसम, म्हणजे सॉफ्टवेअर त्या फाइलीवरून काढून देतं तो आकडा, तक्त्यात लिहा. हा त्या फाइलीचा अंगठा. पुढच्या वर्षी पुन्हा काढल्यावर आकडा जुळला तर फाइल जशीच्या तशी आहे. जुळला नाही तर दुसऱ्या प्रतीवरून ती बदला. डिस्कच्या अंगावर खरेदीची तारीख लिहा आणि चार-पाच वर्षांनी, ती चालत असतानाच, नवी घ्या. या कामाला वर्षातला एक दिवस ठरवून टाका, मंडळाच्या वार्षिक सभेचा असला तर विसरायला होत नाही.

ऐकवणं आणि परत देणं

बाहेर काही देण्याआधी संपूर्ण मुलाखत एकदा या एकाच कानानं ऐका: यात तिसऱ्या कुणाबद्दल काय बोललं गेलंय? कुणी धान्य दडवलं, कुणी मस्टरवर खोटी नावं लावली, कुणी जमीन कवडीमोलानं लिहून घेतली, हे सगळं येतं, नावानिशी येतं, आणि त्या नावांची नातवंडं त्याच गल्लीत राहतात. जातीवरून बोललेले शब्दही येतात. मूळ फाइलीतून काहीच काढू नका. ऐकवायच्या प्रतीत नाव दाबा, किंवा तो भाग काही वर्षं बंद ठेवा, आणि काय केलं ते तक्त्यात लिहा. गुपचूप कापलेलं पुढच्या माणसाला कधीच कळत नाही.

नेटवर ठेवायचं तर इंटरनेट आर्काइव्ह फुकट आहे आणि वेव्ह फाइलही घेतं. यूट्यूबवर ऐकणारे जास्त मिळतात, पण तिथं जाते ती दाबलेली प्रत. म्हणून यूट्यूब हे दुकान समजा, कोठार नव्हे. दोन्हीकडे ज्यांनी नेटला हो म्हटलंय तेवढ्याच मुलाखती. तीन-चार मिनिटांचे तुकडे करा, पण तुकड्याच्या आधीचा प्रश्न कापू नका. उत्तर कशाचं आहे ते कळायला तो लागतो.

गावात चावडीवर किंवा देवळाच्या मंडपात एक संध्याकाळ ऐकण्याची ठेवा. ज्यांचा आवाज वाजणार त्यांना आदल्या दिवशी तो तुकडा ऐकवा. त्या संध्याकाळी दुसरा रेकॉर्डर चालू असू द्या, कारण ऐकता ऐकता कुणी तरी मागून ओरडणारच, 'तसं नव्हतं ते!' त्या माणसाचं नाव लिहून घ्या. यादीतला तेरावा तो.

घरी द्यायची प्रत एमपीथ्री करून द्या. १२८ केबीपीएसनं तासाला ६० एमबीच्या आत बसते आणि कुठल्याही फोनवर चालते. बरोबर लिहिलेल्याची छापील प्रत, मोठ्या अक्षरात. नुसता पेनड्राइव्ह हातात ठेवून निघू नका. घरातल्या ज्याच्या फोनात घालणार त्यात घाला, कुठं दाबायचं ते सुनेला किंवा नातवाला दाखवा आणि तिथंच, आजीसमोर, दोन मिनिटं वाजवून बघा.